चाळिसावी चूल

गोविंदसिंगाला कुणावर विश्वास टाकायची सवयच नव्हती. बैल विकत घेताना तो बैलाचे दात तर पाहायचाच, पण विकणाऱ्याच्याही तोंडात डोकावायचा, असं तांड्यातले लोक त्याला चिडवत. कुणी हसून रामराम केला की ह्याला वाटायचं, याचं काहीतरी काम निघालं. न हसता केला तर वाटायचं, यानं काहीतरी करून ठेवलंय. त्यामुळे शेलूबाजारच्या मास्तरांनी पाच तांड्यांच्या नायकांना बोलावून ‘आता समाजाची घटना करायची’ असं सांगितलं, तेव्हा खालच्या तांड्यात सगळ्यांत आधी कान टवकारले ते गोविंदसिंगानंच.

घटना हा शब्द तांड्यानं तोवर फक्त पोलिसाच्या तोंडून ऐकलेला. कुणी विहिरीत पडलं, कुणाची गंजी जळली, की जमादार यायचा आणि विचारायचा, घटना कशी झाली. म्हणून गोविंदसिंगाची बायको धुरपताबाई भाकर थापता थापता थांबली आणि म्हणाली, “करतेत काय घटना? घटना तं होते. कोन मेलं ते सांगा आदी.”

कुणी मेलं नव्हतं. देशाची घटना होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावोगावची माणसं दिल्लीला जाऊन बसली, हुज्जत घातली आणि देश कसा चालायचा ते त्यांनी लिहून काढलं, असं मास्तरांचं सांगणं. तसंच या पाच तांड्यांनीही बसायचं. लग्न, काडीमोड, दंड, विधवेचं काय करायचं, हे आजवर नायकाच्या मनावर होतं. आता एकदा लिहायचं, खाली अंगठे उठवायचे, आणि मग ते कुणाला फिरवता येणार नाही.

‘विधवेचं काय करायचं’ एवढंच गोविंदसिंगानं धरून ठेवलं. त्याची पोरगी भुरीबाई वरच्या तांड्यात दौलतसिंगाच्या पोराला दिलेली. नवरा काविळीनं गेला, आणि भुरी तान्ह्या हऱ्याला घेऊन माहेरी आली ती परत गेलीच नाही. रीत अशी होती की नवरा गेला तर बाईनं दिराच्या घरी नांदायचं. भुरीचा दीर मदनसिंग मारकुटा होता, आणि त्याचं नाव निघालं की भुरी उठून आत जायची. दोन वर्षं गोविंदसिंग आज-उद्या करत सासरच्यांना टोलवत होता. पण ही रीत एकदा लिहिली गेली तर टोलवायला जागाच राहणार नव्हती.

तेव्हा त्या बैठकीत कोण बसणार, हाच खरा प्रश्न होता. आणि त्यावरूनच पहिली बैठक बोंबलली.

खालच्या तांड्याचा नायक भाऊसिंग म्हणाला, “तांडा तिथं नायक, नायक तिथं एक हात. बापजाद्यापासून हेच चालत आलं.”

वरच्या तांड्याचा नायक दौलतसिंग उसळला. “माह्या तांड्यात सकाळी चुलीचा धूर निंगाला तं ढग आल्यावानी वाटते. आन तुह्या हाताले अन माह्या हाताले एकच वजन काहून?”

“मंग तुह्या तांड्याचेच हात धरू, आमी घरी बसतो,” तिसऱ्या तांड्याचा नायक म्हणाला. मोठ्यांना वाटे लहान तांडे एक होऊन आपल्याला दाबणार, लहानांना वाटे मोठा तांडा आपल्याला गिळणार. मास्तर मधे पडून पडून घामाघूम झाले. शेवटी ठरलं ते असं, की वीस चुलींमागं एक माणूस. वीस भरल्या तर एक, चाळीस भरल्या तर दोन. मधल्या सुट्या चुली गेल्या हिशेबाबाहेर. चूल कोणती धरायची, तर जिच्यावर रोज भाकर होते आणि जिला धनी आहे ती. ‘धनी’ म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. जिचा धनी मेला, तिच्या चुलीचं काय, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

खालच्या तांड्यात चुली होत्या एकोणचाळीस.

गोविंदसिंगाला हा वीसचा आकडा काही केल्या साधा वाटेना. पंधरा का नाही? अठरा का नाही? आपल्याला नेमकी एक कमी पडावी असाच आकडा कसा निघाला? त्याला खात्री होती की भाऊसिंग नायकाचंच यात कुठंतरी पाणी मुरतंय. नायकाची बहीण दौलतसिंगाच्या भावाला दिलेली. तांड्याला एकच जागा मिळाली, तर ती नायकाची; आणि नायक तिथं जाऊन दौलतसिंग म्हणेल तसा हात वर करणार. दुसरी जागा मिळाली तर गोविंदसिंग स्वतः जाऊ शकला असता. बाकीच्या तांड्यांचा अंदाज घेतला तर हात दोन्हीकडे सारखेच होत होते. त्याच्या एका हातानं भुरीचा दोर सुटला असता. शिवाय, खरं सांगायचं तर, पाच तांड्यांत आपणही उठून बोलावं ही हौस त्याला होतीच. ती तो भुरीच्या नावाखाली झाकून ठेवी.

एके दिवशी शेतातून येतो तर भुरी घराच्या मागे चिखल तुडवत उभी. लुगडं खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत काळे, आणि हऱ्या शेजारी बसून भुसा उधळतोय.

“हे कायले?” त्यानं विचारलं.

“चूल घालून राह्यले.”

“घरातली फुटली का?”

“नाही फुटली. तुले एक कमी पडून राह्यली ना, बा?”

दुसरा बाप हरखला असता. गोविंदसिंगाचे डोळे बारीक झाले. “तुले कोनं शिकवलं हे?”

“शिकवाले काय लागते? रोज बाजेवर पडून बोटं मोजतं तू. एकोनचाळीसवर आलं की उसासा टाकतं. बहिऱ्याले बी समजंन.”

त्याला बरं वाटलं आणि लगेच वाटलं की आपल्याला बरं वाटावं म्हणूनच ती असं म्हणतेय. तिच्या मनात वेगळं राहायचं तर नाही? नायकाच्या बायकोनं तर कान भरले नाहीत? आतून धुरपताबाईनं डोळ्याला पदर लावला, “आमी जित्ते असताना पोरीनं चूल वेगळी केली, लोक शेन घालतीन तोंडात.” गोविंदसिंगानं तिला गप्प केलं. “नावापुरती हाय, भुरीची माय. मोजनी झाली की मोडून टाकू.”

भुरी यावर हो म्हणाली नाही. ती चिखलाचा गोळा थापटत राहिली, आणि हे गोविंदसिंगानं पाहून ठेवलं.

चूल वाळली. भुरी तिच्यावर रोजची भाकर करू लागली, कारण रोजची भाकर हा नियमच होता. ती आणि हऱ्या तिथंच जेवत. पहिले दोन दिवस गोविंदसिंग कोपऱ्यावरून डोकावून जायचा, कुणी येतंय का, काय बोलतेय का. कुणी येत नव्हतं. भुरी हऱ्याला पापुद्र्याचा घास भरवी आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणे. नवरा गेल्यापासून तिचं गुणगुणणं त्यानं ऐकलंच नव्हतं. तरी त्याला वाटलं, ही एवढी खुशीत का?

चुली मोजायचं काम शेलूबाजारच्या गफ्फार कल्हईवाल्याकडे दिलं होतं. तो कुठल्याच तांड्याचा नव्हता, म्हणून सगळ्यांना चालला. आणि कुठल्याच तांड्याचा नव्हता, म्हणून सगळ्यांना त्याचा संशय. वरच्या तांड्यानं गेल्याच आठवड्यात घरातली यच्चयावत पितळी भांडी त्याच्याकडून कल्हई करून घेतली, ही बातमी खालच्या तांड्यात वणव्यासारखी पसरली होती. कागद ठेवला तर त्यात खाडाखोड होईल, म्हणून गफ्फारनं मोजलेल्या प्रत्येक चुलीवर चुन्याचं बोट ओढायचं, आणि दुसऱ्या तांड्याचा एक माणूस त्याच्यावर नजर ठेवायला सोबत फिरायचा, असं ठरलं.

खालच्या तांड्यावर नजर ठेवायला दौलतसिंग स्वतःच आला. गोविंदसिंगानं त्याला येताना पाहिलं आणि चाळीसचा नाद सोडूनच दिला. पण दौलतसिंग व्याह्याच्या सलगीनं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कडब्याच्या गंजीमागे घेऊन गेला.

“याही, पष्ट बोलतो,” तो म्हणाला. “मदनले तुही पोरगी नको. त्याच्यासाठी मी किन्हीराजा गावची पोरगी पाहून ठेवली. मले भांडन नको. मले फकस्त माह्या मेलेल्या पोराचं लेकरू पायजे.”

गोविंदसिंग गंजीतली एक काडी ओढून मोडत राहिला.

“घटनेत असं लिवू. नवरा मेला तं बाई मोकळी, लेकरू बापाच्या घरचं. तू तथी उठून हे मांड, मी मान डोलावतो. माह्या तांड्याचे समदे हात तुह्याकडं. आन तुही एक चूल नवीन हाय, कालपरवाची, ते मी पाह्यलंच नाही असं समज.”

गोविंदसिंगानं त्या बोलण्यात सगळीकडून फट शोधली. सापडली नाही. संशयी माणसाला फट सापडली नाही की तो भोळ्याहून जास्त हुरळतो. भुरी अजून जवान होती. अंगावर लेकरू नसलं तर कामरगावाकडे, कुठंही चांगलं घर मिळेल. हऱ्या लहान, चार दिवस रडेल, विसरेल. आजाच्या घरी खाऊन-पिऊन राहील. आणि आपण पाच तांड्यांत उठून बोलू, सगळे हात वर होतील. त्यानं सगळं भुरीसाठीच मोजलं. भुरीला तेवढं विचारायचं राहिलं, पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“ठरलं,” तो म्हणाला.

तेवढ्यात गंजीच्या पलीकडून कडब्याची पेंढी ओढल्याचा आवाज झाला. भुरी होती. म्हशीला वैरण घ्यायला आलेली. सासऱ्याला पाहून तिनं पदर पुढं ओढला आणि पेंढी घेऊन मान खाली घालून गेली. हिनं किती ऐकलं असेल? गोविंदसिंगानं स्वतःची समजूत घातली की काहीच नाही.

गफ्फार घरोघर फिरला, आत वाकला, राखेवर हात धरून पाहिला आणि चुना ओढत गेला. मागून अख्खा तांडा. सगळ्यांच्या शेवटी तो भुरीच्या चुलीपाशी आला. चूल गरम होती. बोट चुन्यात बुडवून तो थांबला.

“हे चूल कोनाची धरू, गोविंदसिंग? तुमची तं मोजली.”

मग भाऊसिंग नायक घसा साफ करून म्हणाला, “चूल धन्याच्या नावानं धरतेत. हिचा धनी वरच्या तांड्याचा. मंग हे चूल बी तिकडचीच.”

गोविंदसिंगाला वाटलं, गेली चूल. पण दौलतसिंगानं हात हलवला. “माह्या पोराची चूल माह्या तांड्यात हाय, ते मी तथी मोजीन. हे चूल भुरीबाईची. तिच्या नावानं लाव चुना.”

चुना लागला. चाळीस झाल्या. तांड्याला दुसरी जागा मिळाली, पण आनंद कुणालाच झाला नाही. दौलतसिंगासारखा माणूस हातची चूल दुसऱ्याला देतो, आणि तीही सुनेच्या नावानं? बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. नायक गोविंदसिंगाकडे असा बघत राहिला की गोविंदसिंगानं उगाच पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेतलं. फक्त भुरी कुणाकडेच बघत नव्हती. ती त्या चुन्याच्या रेघेकडे बघत होती.

निवड तिथंच, निंबाखाली झाली. पहिली जागा नायकाची, त्यात बोलायला काही नव्हतं. दुसरीसाठी एकीकडे नायकाचा भाऊ अमरसिंग उभा राहिला, एकीकडे गोविंदसिंग. सरकारी निवडणुकीत पेट्या होत्या. इथं पेटी कुठली आणायची? ज्याला ज्याच्यावर भरवसा त्यानं त्याच्या मागं उभं राहायचं, एका चुलीमागं एकानं, एवढाच नियम. माणसं उठली, रेंगाळली, एकमेकांचे चेहरे पाहून इकडची तिकडे झाली. दोन रांगा लागल्या आणि गफ्फारनं मोजल्या. गोविंदसिंगाकडे वीस, त्याला स्वतःला धरून. अमरसिंगाकडे एकोणीस.

“एक चूल राह्यली,” गफ्फार म्हणाला. “भुरीबाईची.”

लोक हसले. बापाची पोरगी ती, कुठं जाणार? गोविंदसिंगही हसला आणि त्यानं आपल्या रांगेकडे हात केला. “ये वं, भुरी.”

भुरी हऱ्याला कडेवर घेऊन पुढं आली. सासरा समोर होता म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला, पण आवाज स्वच्छ होता.

“तुह्या मांगं उभी राहीन, बा. पन आदी अथी समद्यासमोर सांग. तथी जाऊन माह्या हऱ्याचं काय सांगशीन?”

गोविंदसिंगाचं हसू तोंडावरच वाळलं. “तुह्या भल्याचंच सांगीन.”

“माहं भलं कोन्तं?”

“तुले मोकळी करून राह्यलो ना, पोरी.”

“मोकळी करून काय देशीन मले? रिकामी कड?”

रांगेतली माणसं चुळबुळली. दौलतसिंग निंबाच्या बुंध्याशी बसला होता, तो एकदम उठला. “गोविंदसिंग, आपलं ठरलं हाय.”

ते सगळ्यांनी ऐकलं. नायकानं ऐकलं, अमरसिंगानं ऐकलं, धुरपताबाईनं ऐकलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. “काय ठरलं?” ती ओरडली. “कोनाचं ठरलं? माह्या नातवाचा सौदा केला तुमी?” इतकी वर्षं ज्यानं साऱ्या तांड्यावर संशय घेतला, त्याच्याकडे सारा तांडा आता संशयानं बघत होता. आणि संशय खरा होता. गोविंदसिंगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“भुरी, म्या तुह्याच...” तो म्हणाला.

“मले इचारलं का, बा?”

त्याला हो म्हणायचं होतं. त्यानं आठवून पाहिलं. मास्तरांना त्यानं विचारलं होतं. इतर तांड्यांतल्या लोकांना आडून आडून विचारलं होतं. गफ्फारला, वीस म्हणजे वीसच का, असं दोनदा विचारलं होतं. पोरीला काय पाहिजे ते एकदाही विचारलं नव्हतं.

“नाही इचारलं,” तो म्हणाला.

“मंग मी कोनाच्याच मांगं नाही,” भुरी म्हणाली, आणि दोन्ही रांगा सोडून मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. ऊन उतरलं होतं. हऱ्यानं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं आणि तो गोविंदसिंगाकडे बघून हात हलवत होता.

तिच्याशिवायही गोविंदसिंगाचे वीस होतेच. तो निवडून आल्यातच जमा होता. गफ्फार तसं सांगायला तोंड उघडणार, तोच गोविंदसिंग जागचा हलला. तो सगळ्यांच्या देखत चालत गेला आणि भुरीच्या मागे जाऊन उभा राहिला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग त्याची रांग हलली. काहीजण समजून निघाले, काही नुसते सवयीनं, गोविंदसिंग गेला म्हणून. दोघे-तिघे अडले, त्यांना त्यांच्या बायकांनी लांबून असे काही डोळे दाखवले की तेही निघाले. आता गोविंदसिंगाची रांग उरलीच नव्हती. होती ती भुरीबाईची.

“बाई?” दौलतसिंग किंचाळला. “पाच तांड्याच्या बैठकीत बाई पाठोता? असं कुठी असते काय?”

भाऊसिंग नायकाला गोविंदसिंगाचं प्रेम नव्हतं, पण आपल्या भावाला डावलून दौलतसिंगानं परस्पर सौदा केला हे त्याच्या नाकाला चांगलंच झोंबलं होतं. तो शांतपणे म्हणाला, “चुलीमागं मानूस धरला हाय, याही. बाप्या का बाई, ते कुठी ठरलं? आन चूल तिच्या नावानं तुमीच लावाले सांगतली.”

दौलतसिंगानं गफ्फारकडे पाहिलं. गफ्फारनं चुन्याचं बोट धोतराला पुसलं आणि रांग मोजायला घेतली. भुरीसकट एकवीस भरली. दौलतसिंग ‘बैठकीत पाहून घेईन’ म्हणत तरातरा निघून गेला, आणि तिथं तो गप्प बसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भुरीनं मान वळवून मागं पाहिलं. सगळ्यांत जवळ बाप उभा होता, हात बांधून, मान खाली घालून. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तो खरंच तिच्या मागं आलाय, की यातही काही ठरवून आलाय, हे तिला उमगत नसावं. हऱ्याला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, बापापासून लांबच्या.

“बा,” ती म्हणाली, “मांगं नको राहू. समोर ये. मले दिसशीन असा उभा राह्य.”

गोविंदसिंग मुकाट्यानं समोर येऊन उभा राहिला.